जन्म मुंबईचा, जन्मगाव होबार्ट: मर्ल ओबेरॉनचं प्रकरण

गेटवे ऑफ इंडिया कशाची आठवण म्हणून बांधला, हे मुंबईत शाळेत गेलेल्या कुणालाही सांगता येईल. २ डिसेंबर १९११ ला राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले होते. त्या वर्षी १९ फेब्रुवारीला याच शहरात एक मुलगी जन्मली होती. तिचं नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन, पण राणीच्या त्या भेटीवरून घरात तिला ‘क्वीनी’ म्हणू लागले. पंचवीस वर्षांनी हीच क्वीनी मर्ल ओबेरॉन या नावानं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करच्या शर्यतीत होती. तिच्याबद्दल जे काही छापून येई त्यात जन्मगाव ऑस्ट्रेलियातलं होबार्ट, टास्मानिया असे. मुंबईचा जन्म त्यात कुठेच नसे.

तिच्याबद्दल बोलताना ‘आपला वंश लपवणारी नटी’ एवढं एक वाक्य टाकून लोक पुढे जातात. मला ते वाक्य फार अपुरं वाटतं. लपवलं हे खरं. पण कुणी ठरवलं, कुठल्या कायद्यामुळे आणि कुठल्या नियमामुळे ठरवलं, न लपवता दुसरी वाट होती का, आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे पाहिल्याशिवाय त्या बाईला न्याय मिळत नाही. त्यासाठी सुरुवात मुंबईच्या घरापासूनच करायला हवी.

रेल्वेतलं घर

मर्लला ज्यांचं मूल म्हणून वाढवलं गेलं त्यातले वडील आर्थर थॉम्पसन हे इंग्लंडमधल्या डार्लिंग्टनचे. इथे रेल्वेत यांत्रिक अभियंता होते. आई शार्लट सेल्बी सिलोनची, मिश्र वंशाची, थोडा माओरी वंशही असलेली. त्या काळी अशा माणसांना ‘युरेशियन’ म्हणत, नंतर ‘अँग्लो-इंडियन’ हा शब्द रुळला. भायखळा-माझगावच्या जुन्या लोकांना हे जग आठवत असेल. रेल्वे, तारखातं, कस्टम्स अशा ठिकाणी या समाजाला नोकऱ्या मिळत, आणि त्या नोकरीच्या वर चढायला मात्र वाव नसे. साहेबाच्या क्लबात प्रवेश नाही, आणि आसपासच्या देशी वस्तीतही ती माणसं आपली मानली जात नसत.

घरात अजून एक गोष्ट होती, जी बाहेर यायला नव्वदेक वर्षं लागली. मर्लला जन्म देणारी शार्लट नव्हतीच. शार्लटची मुलगी कॉन्स्टन्स, जिला मर्ल आपली सावत्र बहीण समजून वाढली, ती तिची खरी आई. बाळंतपणाच्या वेळी कॉन्स्टन्स स्वतः शाळकरी वयाची होती. आणि शार्लटलाही कॉन्स्टन्स झाली ती चौदाव्या वर्षी, चहाच्या मळ्यावरच्या एका आयरिश मुकादमाच्या बळजबरीतून. म्हणजे मुलीची अब्रू झाकण्यासाठी आजी आई झाली आणि आई बहीण झाली. या घराला नाती झाकून ठेवायची सवय, पुढे तिला सिनेमात उभं करणाऱ्या निर्मात्याच्या, अलेक्झांडर कोर्डाच्या प्रसिद्धी खात्यानं लावलेली नाही. ती आधीपासून होती, आणि तिच्या मुळाशी दोन अल्पवयीन मुलींवर झालेला अन्याय होता. मर्लला खोटारडी ठरवणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

महायुद्ध लागलं, थॉम्पसन फौजेत गेले आणि पश्चिम आघाडीवर न्यूमोनियानं वारले. त्यानंतरची काही वर्षं मायलेकींनी मुंबईत हलाखीत काढली. १९१७ मध्ये दोघी कलकत्त्याला गेल्या. तिथे मर्लला ला मार्टिनियर या नावाजलेल्या शाळेत शिष्यवृत्तीवर जागा मिळाली. शाळा साहेबांच्या मुलींची. तिच्या रंगावरून, आईवरून इतकं टोचलं गेलं की शेवटी तिनं शाळा सोडली आणि घरीच शिकली.

पुढे कलकत्त्यातच ती टेलिफोन ऑपरेटर झाली. इथे मला एक दुसरी मुलगी आठवल्याशिवाय राहत नाही. पुण्यात १९०७ साली जन्मलेली, बगदादी ज्यू घरातली रुबी मायर्स. तीही टेलिफोन ऑपरेटरच होती, मुंबईत. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला सिनेमात आणलं आणि ती ‘सुलोचना’ झाली, मूकपटांच्या काळातली सगळ्यात मोठी तारका. कलकत्त्याची अँग्लो-इंडियन रेने स्मिथ अशीच ‘सीतादेवी’ झाली. इकडे रुबीला हिंदू नाव घ्यावं लागलं, तिकडे क्वीनीला गोऱ्यांचं जन्मगाव घ्यावं लागलं. पण सुलोचनाच्या बाबतीत सगळ्यांना ठाऊक होतं की ही रुबी मायर्स आहे, आणि प्रेक्षकांचं त्यावाचून काही अडलं नाही. घेतलेलं नाव आणि लपवलेला जन्म यांत हा फरक आहे.

मर्लला सिनेमाचं वेड होतं. कलकत्ता अमॅच्युअर ड्रामॅटिक सोसायटीत तिनं पहिल्यांदा रंगमंचावर पाय ठेवला. संध्याकाळी चौरंगीवरच्या फिरपोज या झगमगीत रेस्टॉरंटात ती जाई, तिथली एक स्पर्धाही जिंकली होती. तिथेच तिला कर्नल बेन फिनी भेटला. हा पूर्वी थोडाफार सिनेमात काम केलेला माणूस. काही दिवस दोघं एकत्र फिरत होते. एका रात्री तो तिच्या घरी आला, दारात सावळी शार्लट दिसली, आणि त्याला काय ते समजलं. त्यानं संबंध संपवायचं ठरवलं. जाता जाता एक आश्वासन मात्र दिलं: फ्रान्सला आलीस तर दिग्दर्शक रेक्स इनग्रॅमशी गाठ घालून देईन.

विशीच्या आतली मुलगी आणि तिची आई, दोघींनी घर आवरलं, सामान बांधलं आणि बोटीत बसल्या. फ्रान्समध्ये फिनी त्यांना टाळतच राहिला. एवढं मात्र केलं होतं की नीसच्या व्हिक्टोरीन स्टुडिओत इनग्रॅमच्या कानावर तिचं नाव घातलं होतं. इनग्रॅमला तिचा चेहरा आवडला आणि त्यानं तिला एका मेजवानीच्या दृश्यात गर्दीत उभं केलं. पुढची पायरी लंडन.

पाच मिनिटांची राणी

लंडनमध्ये ती कॅफे दि पॅरीमध्ये पाहुण्यांची सरबराई करणारी होस्टेस होती आणि दिवसा स्टुडिओच्या दारात. कित्येक सिनेमांत तिचं नावही पडद्यावर येत नव्हतं. हंगेरीहून आलेले अलेक्झांडर कोर्डा तेव्हा लंडन फिल्म्स ही कंपनी उभी करत होते आणि नवे चेहरे शोधत होते. त्यांनी तिला करारावर घेतलं. ओब्रायनवरून ओबेरॉन झालं, मर्ल हे तिचं स्वतःचंच नाव होतं, ते राहिलं.

१९३३ च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ या सिनेमात तिला राणी ॲन बोलिनचं काम मिळालं. चार्ल्स लॉटन हेन्रीच्या भूमिकेत, आणि त्याला त्यासाठी ऑस्कर मिळालं. मर्लच्या वाट्याला सुरुवातीची मोजकी मिनिटं. त्या दिवशी ॲनचं शिर उडवायचं आहे आणि राजा नव्या लग्नाच्या तयारीत आहे. कोठडीत ॲन आपल्या केसांकडे पाहते, त्यांची काळजी करते, जणू एखाद्या समारंभाला निघायचं आहे. मर्ल इथे रडत नाही, आवाज चढवत नाही. मान सरळ, कपाळ मोठं, डोळे किंचित तिरके आणि पूर्ण शांत. हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिच्याबद्दल मला काहीही माहिती नव्हती. तरी लॉटनच्या त्या प्रसिद्ध कोंबडीच्या जेवणापेक्षा मला ही शांत मान जास्त लक्षात राहिली. ज्या मुलीला शाळेत रोज टोचलं गेलं, जिला पाहून एक माणूस दारातून परत फिरला, तिला चेहऱ्यावर काही न दाखवण्याची कला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, लेस्ली हॉवर्डबरोबर ‘द स्कार्लेट पिंपरनेल’. मग अमेरिकेतून बोलावणं.

होबार्टच का?

कोर्डाच्या प्रसिद्धी खात्यापुढे प्रश्न साधा होता. मुलगी दिसायला विलक्षण आहे, तिच्या इंग्रजीला हिंदुस्थानी वळण आहे, ते ती घासून काढते आहे. लोक विचारणार, कुठली? ‘मुंबईची, आई युरेशियन’ असं म्हटलं तर इंग्लंडच्या राणीची भूमिका, सरदारघराण्यातल्या नायिकेची भूमिका तिला प्रेक्षक करू देणार नाहीत. मग जन्मगाव असं हवं की जे साम्राज्यात असेल, गोऱ्यांचं मानलं जात असेल, आणि लंडनपासून इतकं लांब असेल की कुणी चौकशीला जाणार नाही. टास्मानिया या सगळ्यात बसतं. त्या गावी बोटीनं पोचायलाच कित्येक आठवडे लागत. वर आणखी एक गोष्ट जोडली: जन्माची नोंद आगीत जळून गेली.

या कथेत एक हुशारी होती. भारत त्यातून पूर्ण काढला नव्हता. जन्म तिकडचा, पण वडील गेल्यावर बालपण हिंदुस्थानात गेलं, असं सांगायची सोय ठेवली होती. कलकत्त्याचं कुणी ओळखीचं भेटलं तरी वेळ मारून नेता यावी यासाठी. जे लपवायचं होतं ते राहणं नव्हतं, रक्त होतं.

अमेरिकेत गेल्यावर हीच कथा जास्त गरजेची झाली, आणि प्रकरणाचा हा भाग बहुतेक लेखांत निसटतो. १९१७ च्या इमिग्रेशन कायद्यानं आशियाचा मोठा पट्टा बंद केला होता, त्यात हिंदुस्थान होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ धरता येत नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही, असा निकाल दिला. १९२४ च्या कायद्यानं दार आणखी घट्ट झालं. हिंदुस्थानी लोकांसाठी ते किलकिलं झालं १९४६ मध्ये, तेही वर्षाला १०० माणसांपुरतं. मर्ल अमेरिकेत काम करू लागली ती १९३५ च्या सुमारास. तिचा जन्म आणि आईचा वंश उघड झाला असता तर मासिकांत दोन दिवस चघळायला विषय मिळाला असता एवढ्यावर ते थांबलं नसतं.

त्यात सिनेमाचा स्वतःचा कायदा. हॉलिवूडची निर्मिती संहिता, जिला हेज कोड म्हणतात, १९३० मध्ये लिहिली गेली आणि १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयानं ती कडकपणे लावायला सुरुवात केली. गोरे आणि काळे यांच्यातले संबंध पडद्यावर दाखवायचे नाहीत, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. शब्द ‘काळे’ असला तरी व्यवहारात तो आशियाई कलाकारांपर्यंत ताणला जाई. ॲना मे वाँगचं उदाहरण पाहा. ती लॉस एंजेलिसमध्येच जन्मलेली, तोवर जगभर नाव झालेली. १९३७ च्या ‘द गुड अर्थ’ या चिनी शेतकरी कुटुंबाच्या सिनेमात नायिकेचं काम तिला मिळालं नाही. नायक पॉल म्युनी गोरा, रंग लावून चिनी झालेला. त्याची बायको खरीखुरी चिनी कशी चालेल? ते काम लुईझ रायनरला मिळालं आणि ऑस्करही तिलाच. मर्लच्या नायकांची यादी डोळ्यांपुढे आणा: फ्रेडरिक मार्च, जोएल मॅक्क्री, गॅरी कूपर, लॉरेन्स ऑलिव्हिए. मुंबईचा जन्म सांगून यातल्या एकाशीही पडद्यावर तिचं लग्न लागलं नसतं.

न लपवता काय झालं असतं याचं उत्तर कोर्डाच्याच कंपनीत सापडतं. म्हैसूरजवळच्या करापूरचा, माहुताचा मुलगा साबू. १९३७ च्या ‘एलिफंट बॉय’नं तो जगप्रसिद्ध झाला, १९४० मध्ये ‘द थीफ ऑफ बगदाद’. त्याचं हिंदुस्थानी असणं हीच त्याची जाहिरात होती. काय मिळालं? हत्ती, जंगल, फेटा, उघडी छाती. १९४४ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला, हवाई दलात विमानातला तोफची म्हणून लढला, पदकं मिळवली. परत आला तेव्हा मोठा झालेल्या साबूसाठी हॉलिवूडकडे गोष्टच नव्हती. १९६३ मध्ये ३९ व्या वर्षी तो गेला. निर्माता एक, देश एक. एक मुलगा होता तसा उभा राहिला आणि हत्तीवरून खाली उतरू शकला नाही. एक मुलगी दुसऱ्याच गावची झाली आणि नायिका झाली. यात तिची निवड चूक होती असं म्हणायची माझी तयारी नाही.

प्रकाशाचं काम

अमेरिकेतल्या तिच्या पहिल्या सिनेमात, मॉरिस शेव्हालियेबरोबरच्या ‘फोली बर्जेर’मध्ये, तिला भडक परदेशी सौंदर्य म्हणूनच मांडलं होतं: चमकता चेहरा, ताणलेल्या भुवया. हॉलिवूडचे निर्माते सॅम्युअल गोल्डविन यांनी कोर्डांकडून तिच्या करारात वाटा घेतला आणि उलट दिशा धरली. १९३५ च्या ‘द डार्क एंजल’मध्ये तिचा मेकअप उतरवला, केस साधे केले, ट्वीडचे कपडे घातले आणि तिला इंग्रजी खेड्यातली मुलगी केलं. युद्धात आंधळा झालेला प्रियकर आणि त्याच्यासाठी थांबलेली ती. याच कामासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. पुरस्कार बेटी डेव्हिसला गेला. २०२३ मध्ये मिशेल यो यांना हेच नामांकन मिळालं तेव्हा पत्रकारांना ‘स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली अभिनेत्री’ असं जपून लिहावं लागलं, ते मर्लमुळे.

काळ्या-पांढऱ्या सिनेमात त्वचेचा रंग हा बराचसा दिव्यांचा आणि पावडरचा खेळ असतो. कॅमेऱ्याला रंग दिसत नाही, उजेड दिसतो. गोरं दिसायचं तर चेहऱ्यावर भरपूर, सपाट प्रकाश हवा आणि वर जाड थर हवा. मर्लनं हे वर्षानुवर्षं सोसलं. मार्च १९३७ मध्ये लंडनला ‘आय, क्लॉडियस’चं चित्रण चालू असताना तिला मोटारीचा अपघात झाला, चेहऱ्यावर जखमा झाल्या. लॉटन आणि दिग्दर्शक योजेफ फॉन स्टर्नबर्ग यांचं आधीच जमत नव्हतं, या अपघातानं तो सिनेमा कायमचा बंद पडला. १९४० मध्ये सौंदर्यप्रसाधनांतली विषबाधा आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी एकदम झाली आणि तिची त्वचा खराब झाली. कोर्डांनी तिला न्यूयॉर्कच्या तज्ज्ञाकडे पाठवलं. तिथे वरची त्वचा खरवडून काढायचे उपचार तिच्यावर अनेकदा झाले. खड्डे पूर्ण गेले नाहीत.

१९४४ च्या ‘द लॉजर’च्या वेळी छायाचित्रकार लुसियन बॅलार्ड यांनी यावर एक उपाय काढला. कॅमेऱ्याच्या भिंगाला लागूनच एक छोटा दिवा बसवला. दिवा बाजूला असेल तर चेहऱ्यावरच्या प्रत्येक खळग्याची एक कड सावलीत जाते आणि खळगा उठून दिसतो. दिवा आणि भिंग एकाच रेषेत आले की सावली खळग्याच्या मागे पडते, कॅमेऱ्याला ती दिसतच नाही. त्वचा गुळगुळीत दिसते, आणि डोळ्यांत एक ठिपका चमकतो. या दिव्याला तिच्या नावावरून ‘ओबी’ म्हणू लागले. जगभरच्या सेटवर आजही हा शब्द चालतो. पुढे बॅलार्ड यांच्याशी तिनं लग्नही केलं.

वदरिंग हाइट्स

१९३९ चा विल्यम वायलर यांचा ‘वदरिंग हाइट्स’ हा तिचा सगळ्यात गाजलेला सिनेमा. तिची कॅथी, ऑलिव्हिएचा हीथक्लिफ. ऑलिव्हिएला तिच्या जागी व्हिव्हियन ली हवी होती, त्यामुळे सेटवर दोघांचं फारसं पटलं नाही. पडद्यावर ते जाणवत नाही. ग्रेग टोलंड यांना या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळालं.

एमिली ब्राँटेची कादंबरी वाचलेल्यांना आठवेल, त्यात हीथक्लिफ सावळा आहे. अनाथ पोर लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेलं, कुठून आलं माहीत नाही. एक शेजारी त्याला पाहून म्हणतो, हा एखादा ‘लॅस्कर’ असावा. लॅस्कर म्हणजे इंग्रजी जहाजांवर काम करणारे आपल्याकडचे खलाशी, आणि त्यात कोकणातली आणि गोव्याची कितीतरी माणसं होती. त्या कथेचा सारा पीळ यावर आहे की गोऱ्या, घरंदाज कॅथीला या सावळ्या पोराशी लग्न करणं खाली उतरण्यासारखं वाटतं. सिनेमात लॅस्करचं काम गोऱ्या इंग्रजानं केलं आणि घरंदाज गोरी झाली मुंबईत जन्मलेली मुलगी. कॅथी घरातल्या मोलकरणीला, नेलीला सांगते की हीथक्लिफशी लग्न केलं तर माझी किंमत जाईल, आणि त्याच श्वासात म्हणते की मीच हीथक्लिफ आहे. सगळ्या गोष्टी कळल्यावर मी हा प्रसंग पुन्हा लावून पाहिला. विजा चमकतायत, तिचा चेहरा मध्येच पांढरा होतो, मध्येच अंधारात जातो. त्या एका वाक्यापाशी तिचा आवाज थोडा खाली जातो. ती काय विचार करत होती हे कुणी सांगू नये, मीही सांगणार नाही. पण हे वाक्य बोलायला तिच्याइतका अधिकार त्या काळच्या हॉलिवूडमध्ये दुसऱ्या कुठल्या नायिकेला होता, असं मला वाटत नाही.

शार्लट

या प्रकरणातली सगळ्यात मोठी किंमत मर्लनं मोजलेली नाही. कलकत्त्याहून शार्लट तिच्याबरोबर निघाली होती आणि लंडनमध्ये तिच्याच घरी राहत होती. पाहुणे आले की ती घरातली मोलकरीण असे. मोलकरीण म्हणूनच दार उघडायचं, चहा आणायचा, मुलीशी बोलायचं. एका सावळ्या बाईनं दार उघडलं म्हणून एकदा एक माणूस परत गेला होता, ती वेळ पुन्हा येऊ नये यासाठी तोच तोडगा सापडला होता.

शार्लट १९३७ मध्ये वारली. बारा वर्षांनी, १९४९ मध्ये, मर्लनं एका जुन्या फोटोवरून आईचं चित्र काढून घेतलं. चित्रकाराला सूचना होती: रंग उजळ करा. मर्लनं पुढे घरं बदलली, नवरे बदलले, देश बदलले, पण ते चित्र शेवटपर्यंत तिच्या घरातल्या भिंतीवर असे. मला हे चित्र क्रूर वाटत नाही. आईला भिंतीवर आई म्हणून लावायचं होतं, आणि त्यासाठी तिला जो एकच रस्ता माहीत होता तोच तिनं धरला. ज्या बाईला जिवंतपणी पुढच्या खोलीत बसता आलं नाही ती तिथे आली, दुसऱ्याच रंगात.

नगरभवनातला सत्कार

पुढचं थोडक्यात. कोर्डांशी १९३९ मध्ये लग्न, १९४२ मध्ये त्यांना ‘सर’ किताब आणि तिला ‘लेडी कोर्डा’, १९४५ मध्ये घटस्फोट. संगीतकार शोपँच्या आयुष्यावरच्या सिनेमात लेखिका जॉर्ज सँड, मार्लन ब्रँडोबरोबरच्या ‘देझिरे’त नेपोलियनची बायको जोसेफिन. चौथा नवरा, अभिनेता रॉबर्ट वोल्डर्स, तिच्या शेवटच्या सिनेमातला नायक.

१९७८ मध्ये होबार्टनं ‘आपल्या’ लेकीचा सत्कार ठरवला. टास्मानियाचा तोवर तिच्यावर पूर्ण हक्क बसला होता. तिच्या नावाचं नाट्यगृह होतं. तिथल्या काही लोकांचं तर ठाम म्हणणं होतं की ती एका हॉटेलात काम करणाऱ्या चिनी वंशाच्या बाईची मुलगी. प्रसिद्धी खात्यानं गोरं कूळ दिलं आणि गावानं स्वतःहून त्यात मिश्र वंश परत आणून ठेवला, याचं मला फार अप्रूप वाटतं. चेहरा पाहून त्यांना काहीतरी कळत होतं.

सत्काराच्या थोडं आधी महापौरांच्या कानावर आलं की तिच्या जन्माचा इथे कसलाही पुरावा नाही. पण आता माघार कशी घ्यायची? समारंभ झाला. गाडीतून येताना तिनं ड्रायव्हरला सांगितलं होतं की लहानपणी वडिलांबरोबर बोटीनं जाताना ते आजारी पडले, म्हणून इथे उतरावं लागलं होतं. आणि समारंभात, आयुष्यभर जे सांगत आली ते तिनं नाकारलं: मी टास्मानियात जन्मलेले नाही. मग बरं वाटत नाही म्हणून ती निघून गेली. बाकीचे दिवस हॉटेलात काढले. नाट्यगृह बघायलाही गेली नाही. २३ नोव्हेंबर १९७९ ला मालिबूमध्ये ती वारली, ६८ व्या वर्षी.

कॉन्स्टन्सचं पुढे लग्न झालं, तिला चार मुलं झाली. त्यातला एक मुलगा कॅनडात, टोरांटोला स्थायिक झाला. मर्ल आपली मावशी, एवढंच त्याला आधी ठाऊक होतं. तो तिला भेटायला लॉस एंजेलिसला गेला, तिनं भेट नाकारली. १९८३ मध्ये तिचं चरित्र निघालं आणि मुंबईचा जन्म जगाला कळला, पण लेखकांना त्यानं सगळं सांगितलं नव्हतं. टास्मानियाच्या कथेचा माग काढणाऱ्या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिका मारे डेलोफ्स्की यांच्या २००२ च्या माहितीपटापर्यंत ते बाहेर आलं नाही. मर्लचा जन्मदाखला मुंबईच्या सरकारी दप्तरात होता. कुठली आग लागलेली नव्हती. तो दाखला त्यानं काढला, वाचला, आणि आईच्या नावाच्या जागी शार्लट नव्हतं. तिथे कॉन्स्टन्स लिहिलेलं होतं. ज्या बाईला तो मावशी समजत आला होता, ती त्याची बहीण होती.